मानाचा रंग

आमच्या रक्तनिदान केंद्रात माणसांचे दोन प्रकार आहेत. ज्यांच्या नावाची पाटी दारावर आहे ते, आणि ज्यांना काम येतं ते. सुरेखाताई मगदूम दुसऱ्या प्रकारातल्या. मी कुठल्याच प्रकारात बसत नाही. मी रिपोर्ट टाइप करते. पण चौदा वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत बसल्यामुळं जे झालं ते मी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते भिंत पातळ असल्यामुळं ऐकलंय.

सुरेखाताई हुपरीच्या. तिथं घरोघरी चांदीचे पैंजण बनतात, तसे त्यांच्या घरीही बनायचे. पोरीनं बी.एस्सी. व्हावं आणि लग्न करून घरी बसावं अशी वडिलांची इच्छा. त्या बी.एस्सी. झाल्या, लग्नही गावातच केलं; घरी बसायचं तेवढं राहून गेलं. सकाळी आठच्या एसटीनं कोल्हापूर, संध्याकाळी पाचला खुर्ची सोडून परत. जैन घर, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. त्यांना पाचच्या पुढं बसवून घ्यायचा प्रयत्न केंद्राच्या तीन प्रमुखांनी केला. तिघंही बदलून गेले, सूर्य आपल्या वेळेला मावळत राहिला.

त्यांचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची भांडणं कळायची नाहीत. रक्तातल्या पेशींच्या अंगावर निरनिराळ्या खुणा असतात. पेशी कुठल्या जातीची, धड आहे की बिघडलेली, हे त्यांवरून ओळखतात. खुणा नुसत्या दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक खुणेला नेमकी चिकटणारी प्रथिनं घ्यायची; त्यांना चमकणारा एकेक रंग जोडलेला असतो. मग पेशी एकामागं एक लेसरसमोरून सोडायच्या. रंग चमकतात, मशीन मोजतं. जुन्या मशीनवर चार रंग चालायचे, आणि त्या चार रंगांवर सुरेखाताईंनी बावीस वर्षं काढली. कुठल्या खुणेला कुठला रंग द्यायचा, हे त्या वहीत पेन्सिलीनं लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या.

मग केंद्राचे नवे प्रमुख म्हणून डॉक्टर नृसिंह किणीकर आले. मूळचे कोल्हापूरचेच, पण पुण्यात अकरा वर्षं राहून आलेले. येताना त्यांनी एक दहा रंगांचं मशीन आणलं आणि आमचं मराठी सुधारायचं व्रत आणलं. आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात, सुरेखाताईही तशाच. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, ‘मी करते’ म्हणा.”

“बरं. म्हणतो,” सुरेखाताई म्हणाल्या.

मशीनच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. टेबलावर शालू अंथरला, झेंडूच्या माळा सोडल्या, आणि डॉक्टरांनी रंगांच्या बारक्या बाटल्या फ्रीजमधून काढून ओळीनं मांडायला लावल्या. वरून फोटोग्राफरचे दोन मोठे दिवे.

“ह्या भाईर ठेवू नका,” सुरेखाताई म्हणाल्या. “उजेडानं मरत्यात.”

“रंग आहेत बाई ते. रोपटी नाहीत.”

मंत्र्यांना यायला तीन तास उशीर झाला. तोवर बाटल्या दिव्याखाली भाजत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सुरेखाताईंनी त्यातल्या दोन बाजूला काढल्या आणि वर लाल पेनानं फुली मारली. ते जोडरंग होते, म्हणजे दोन रंग एकमेकांना बांधून केलेले. उजेडात ती गाठ सुटते, आणि मग ते भलत्याच रंगाच्या मोजणीत उजेड पाडतात. डॉक्टरांनी त्यांना ‘साहित्याची नासाडी’ या विषयावर मेमो दिला. तो मीच टाइप केला. नासाडी कुणी केली ते मेमोत लिहायचं नसतं.

खरी गंमत पुढं झाली. दहा रंगांचं मशीन आलं म्हटल्यावर दहा खुणांना दहा रंग वाटून द्यायचे होते. सुरेखाताई म्हणाल्या, पंधरा दिवस द्या, एकेक रंग बघून ठरवतो. डॉक्टर म्हणाले, ठरवायचं काय त्यात? ठरलंय. त्यांनी मोबाइल काढला. लिस्बनच्या परिषदेत एका युरोपियन प्रोफेसरांचं पोस्टर भिंतीवर लावलेलं होतं, त्याचा फोटो. फोटो जरा हललेला होता आणि कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आलं होतं. कोपराखाली दोन रंगांची नावं झाकली गेली होती. त्या जागी कंपनीचा माणूस मोहित याच्याकडं जे शिल्लक होतं ते घालायचं ठरलं.

मीटिंगमध्ये आम्ही चौघंच होतो. मी टिपण घ्यायला.

डॉक्टरांनी फळ्यावर वरून खाली खुणा लिहिल्या, महत्त्वाप्रमाणं. सगळ्यात वर सीडी पंचेचाळीस. ही खूण जवळपास प्रत्येक पांढऱ्या पेशीवर असते, आणि दाट असते. तिच्यासमोर त्यांनी सगळ्यात झगझगीत रंग लिहिला. पोस्टरवर तसं नव्हतं, हा बदल डॉक्टरांचा स्वतःचा. खाली येता येता रंग मंद होत गेले. सगळ्यात शेवटी बिघडलेल्या पेशींवरची एक पुसट खूण होती; तिच्या वाट्याला सगळ्यात मरतुकडा रंग आला. लग्नात पुढच्या सोफ्यावर आमदार आणि मांडवाच्या खांबाआड मुलीचा मामा, तसं ते दिसत होतं.

“डॉक्टर, उलटं झालंय,” सुरेखाताई म्हणाल्या. “वरची खूण ढिगानं हाय. तिला मंद रंग दिला तरी दिसतीया. झगझगीत रंग पुसट खुणेला ठेवूया. तीच तर शोधायची हाय.”

“मुख्य खुणेला मुख्य रंग. साधं तर्कशास्त्र आहे.”

“आणि हा पयला रंग आणि हा शेवटचा, दोघांचा उजेड जवळजवळ सारखा. पयल्याचा उजेड शेवटच्याच्या मोजणीत सांडणार.”

“तिकडं चालतं.”

“तिकडं मशीनला पाच लेसर हायत. आपल्याला तीन. तिकडं हे दोन रंग दोन वेगळ्या लेसरवर उजळत्यात. हितं दोघं एकाच लेसरवर येत्यात की.”

मोहित गोड हसला. “मॅडम, सांडलेलं सॉफ्टवेअर वजा करतं ना.”

“वजा करतंय. पर रंग एवढा झगझगीत असला की वजा करून बी पसारा ऱ्हातो. त्या पसाऱ्यात पुसट खूण कशी वळखायची?”

मोहितनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी फळ्याकडं पाहिलं. मग ते म्हणाले, “बाई, ते प्रोफेसर युरोपात आहेत. तुम्ही हुपरीत आहात.” मी टिपणात लिहिलं: सविस्तर चर्चेअंती यादी एकमतानं मंजूर.

तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, प्रियदर्शनीचा नमुना आला. एकोणीस वर्षांची पोरगी, नेसरीची. रक्ताचा कर्करोग, उपचारांचा पहिला टप्पा संपलेला. कमरेच्या हाडातून मगज, म्हणजे बोन मॅरो, काढून आमच्याकडं पाठवला होता. त्यात आजारी पेशी किती उरल्यात ते सांगायचं. उरल्या नसतील तर ठरलेली औषधं पुढं चालू. उरल्या असतील तर फार जड औषधं, आणि पुढं मुंबईला नेऊन मगज बदलायची भाषा. तिची आई शालूबाई, अंगणवाडीत मदतनीस, आमच्या बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

मशीननं सांगितलं, एक पूर्णांक आठ टक्के. म्हणजे आजार आहे. डॉक्टरांनी मला तिथंच तोंडी निकाल सांगितला आणि पन्हाळ्याला कुणाच्या तरी षष्ट्यब्दीला निघून गेले. “टाइप करून ठेव, उद्या सही करतो.”

मी टाइप करत असताना सुरेखाताई आत आल्या.

“क्रांती, हात दे.”

“कशाला?”

“रक्त पायजे. दोन मिली.”

त्यांनी आधी स्वतःचं घेतलं होतं. मग माझं घेतलं. मग गेटवरच्या बाळासोंना बोलावून त्यांचं. बाळासो फौजेतून निवृत्त झालेले, छप्पन्न इंच छाती, सुई बघून डोळे मिटून बसले. तिघांच्याही रक्तावर तेच दहा रंग, तीच यादी. दुपारी दोनला आकडे आले. सुरेखाताई एक पूर्णांक सहा टक्के. मी एक पूर्णांक नऊ. बाळासो एक पूर्णांक सात.

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हंजे ह्या यादीप्रमाणं आपल्या तिघांस्नी रक्ताचा कर्करोग हाय,” सुरेखाताई म्हणाल्या आणि डबा उघडला.

बाळासोंनी एवढंच ऐकलं आणि ते गेट उघडं टाकून घरी गेले. पोराचं लग्न दिवाळीनंतर होतं. ते याच महिन्यात उरकून घेऊ, असं त्यांनी बायकोला सांगितलं. नंतर सगळं खरं काय ते कळल्यावर त्या माउलीनं केंद्रात येऊन जे आवाज काढले, ते ऐकून पेशंट उठून गेले.

बाहेर शालूबाई खिडकीशी आली. “ताई, रिपोर्ट झाला व्हय?”

माझ्यासमोर तो टाइप झालेला होता. मी म्हटलं, “प्रिंटर बंद हाय, मावशी. दोन दिवस लागतील.” मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आयुष्यात मी ऑफिसात एकदाच खोटं बोलले असं म्हणणं बरोबर नाही, पण फुकट एकदाच बोलले.

मंगळवारी सुरेखाताई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

“ह्या रिपोर्टवर माझी सही न्हाई.”

“तुमची सही लागतेच कुठं? तपासणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव म्हणून ती असते.”

“तेच म्हणतोय. तपासणारीच्या नावानं नको.”

त्यांनी तिघांचे आकडे पुढं ठेवले. कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, “रक्त नीट काढलं नसेल. जुनाट सवयी. तुम्हाला नवं तंत्रज्ञान झेपत नाही, हे मान्य करायला लाज कसली?”

सुरेखाताई बाहेर आल्या. त्यांचे कान लाल झाले होते. त्या रडल्या नाहीत. वही काढली आणि उभ्यानंच पेन्सिलीनं काहीतरी लिहीत राहिल्या, इतकं दाबून की टोक दोनदा मोडलं.

बुधवारी ट्रस्टची मीटिंग होती. अध्यक्ष बाहुबली शेटे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, गुळाचे व्यापारी. केंद्राला त्यांच्या वडिलांचं नाव आहे. दरमहा त्यांना डॉक्टर रंगीत आलेख दाखवायचे आणि अण्णा “लई झाक” म्हणायचे. त्या दिवशी सात विश्वस्त जमले होते, चहा आला होता, मी टिपण घ्यायला बसले होते, आणि न बोलावता सुरेखाताई आत आल्या.

“अण्णा, जरा बोलायचं हुतं.”

“बाई, ही जागा नव्हे,” डॉक्टर म्हणाले.

“बोलू द्या की,” अण्णा म्हणाले. “आमी तर काय करतोय? चाच पितोय.”

सुरेखाताईंनी सगळं सांगितलं. नेसरीची पोरगी, तिघांचं रक्त, आकडे. डॉक्टर हसले. “हुपरीच्या पाण्यात काहीतरी असेल, अण्णा.”

“क्रांती राजारामपुरीत ऱ्हातीया. बाळासो पाचगावात.”

“मग हाताळणी चुकली असेल.”

“तर मग तुमचं रक्त द्या,” सुरेखाताई म्हणाल्या. “तुमीच रंग घाला. मी दोन नळ्या मांडून देतो, आणि हात मागं बांधून उभा ऱ्हातो.”

सात विश्वस्त बघत असताना माणूस दुसरं काय करणार? डॉक्टरांनी बाही वर केली. नर्सनं रक्त घेतलं, आणि खुर्च्या उचलून सगळे प्रयोगशाळेत आले. प्रयोगशाळेत पिपेट धरलेले डॉक्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. एका नळीत त्यांनी दहाच्या दहा रंग घातले. दुसऱ्या नळीत सुरेखाताईंच्या सांगण्यावरून नऊच घातले. पुसट खुणेचा दहावा वगळला. का वगळायचा, ते त्यांनी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर माहीत नाही असं झालं असतं.

दोन तास लागले. विश्वस्तांतला एकही उठला नाही. एरवी ते अर्ध्या तासात गाडीत बसतात.

पडद्यावर आकडा आला. दोन पूर्णांक एक टक्का.

अण्णांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “म्हंजे... डॉक्टर, तुमास्नी क्यान्सर हाय व्हय?”

डॉक्टरांच्या शेजारच्या विश्वस्तांनी आपली खुर्ची हळूच थोडी लांब सरकवली. आणि डॉक्टर पडद्याकडं बघत राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. आठ-दहा सेकंद त्यांचा स्वतःच्या यादीवर पूर्ण विश्वास बसला होता. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. हेच तोंड परवा शालूबाईचं झालं असतं, आणि तिला आठ-दहा सेकंदांत कुणी सोडवलं नसतं.

“न्हाई अण्णा, डॉक्टर ठणठणीत हायत,” सुरेखाताई म्हणाल्या. “आता ही दुसरी नळी बगा. ह्यात पुसट खुणेचा रंग घातलाच न्हाई. तरीबी मशीन तिथं दोन टक्के म्हणतंय. जो रंग नळीतच न्हाई, तो दिसतोय कसा? वरच्या झगझगीत रंगाचा उजेड सांडलाय, दुसरं काय न्हाई.”

अण्णांना पेशी कळत नव्हत्या, लेसर कळत नव्हता. पण ते चाळीस वर्षं गूळ तोलत आले होते. “म्हंजे तराजूतच पासंग हाय,” ते म्हणाले.

“व्हय अण्णा.”

“आणि त्या नेसरीच्या पोरीचा रिपोर्ट?”

“गेला न्हाई अजून.”

“का? कुणी थांबवला?”

मी म्हटलं, “प्रिंटर बंद होता.” डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. प्रिंटरवर त्यांच्या भाषणाच्या ताज्या प्रती पडलेल्या होत्या.

सुरेखाताईंना मागितलेले पंधरा दिवस मिळाले. त्यांनी बाराच घेतले. आधी एका पानावर दहा खुणा, कुठली दाट, कुठली पुसट. दुसऱ्या पानावर आपल्या तीन लेसरवर कुठले रंग किती उजळतात. मग जोड्या. सीडी पंचेचाळीसचा झगझगीत रंग काढून तिला एक मंद, साधा रंग दिला. झगझगीत रंग पुसट खुणेला गेला. जे दोन रंग एकमेकांत सांडतात ते अशा खुणांना दिले, ज्या एकाच पेशीवर सहसा एकत्र नसतात. प्रत्येक रंग एकेकटा चालवून पाहिला, मग एकेक वगळून पाहिला. जोडरंगांच्या बाटल्यांना काळा कागद गुंडाळला. पाच वाजले की वही बंद.

प्रियदर्शनीच्या मगजाचा नमुना मात्र तोवर टिकणार नव्हता. म्हणजे त्या पोरीच्या कमरेत पुन्हा सुई. डॉक्टरांनी रुग्णालयाला पत्र लिहायला सांगितलं: ‘तांत्रिक कारणास्तव’. सुरेखाताई ते पत्र घेऊन स्वतः वॉर्डात गेल्या. मी बरोबर होते.

पोरगी केस गेलेल्या डोक्याला ओढणी गुंडाळून बँक परीक्षेचं पुस्तक वाचत होती. “पुन्हा का?” तिनं विचारलं.

“आमची चूक झाली,” सुरेखाताई म्हणाल्या.

“कुणाची?”

“आमची.”

मी चौदा वर्षांत आमच्या केंद्राचे हजारो कागद टाइप केलेत. हे वाक्य त्यांतल्या एकाही कागदावर नव्हतं. पोरीनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “दुखतंय लई. पर खरं काय ते कळू द्या.”

नव्या यादीप्रमाणं तपासणी झाली. आजारी पेशी सापडल्या नाहीत. सुरेखाताईंनी ती नळी तीनदा चालवली, आणि एक रंग वगळलेली नळीही शेजारी चालवली. यावेळी न घातलेला रंग कुठंच दिसला नाही. रिपोर्टवर त्यांनी सही केली. प्रिंटर झटक्यात सुरू झाला. जड औषधं टळली, मुंबई टळली. ठरलेले उपचार पुढं दोन वर्षं चालले. शालूबाईला काय टळलं ते कधी नीट कळलं नाही. तिनं डॉक्टरांच्या पाया पडून नेसरीहून आणलेला तांदूळ त्यांनाच दिला. डॉक्टरांनी तो घेतला.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी परिषदेत ‘दहा रंगांची निवड: आमचा अनुभव’ असं भाषण केलं. म्हणतात, छान झालं. झगझगीत रंग पुसट खुणेला का द्यावा, यावर त्यांनी वीस मिनिटं सांगितलं. शेवटच्या पडद्यावर आभार होते: मोहितच्या कंपनीचे, पत्नीचे, आणि ‘तांत्रिक कर्मचारी वर्गा’चे. सुरेखाताईंना मी ते दाखवलं. त्या म्हणाल्या, “बरोबर सांगितलंय का बग. चुकीचं सांगितलं आसंल तर कळव, लोक तसंच करत बसतील.”

आणि केंद्रात सुधारणा झाली ती एकच. त्या बुधवारनंतर पंधरा दिवसांत एक परिपत्रक निघालं: कर्मचारी व अधिकारी यांच्या रक्ताची तपासणी लेखी परवानगीशिवाय करू नये. मीच टाइप केलं. सुरेखाताईंनी पोच सही केली आणि विचारलं, “मग मशीन रोज बरोबर हाय का ते बघायला निरोगी रक्त कुणाचं घ्यायचं?”

“बाहेरून आणा,” डॉक्टर म्हणाले.

ही गोष्ट अण्णांच्या कानावर गेली. आता दर सोमवारी सकाळी त्यांची गाडी येते. अण्णा बाही वर करून खुर्चीत बसतात, दोन मिली देतात, आणि आकडा येईपर्यंत हलत नाहीत. मार्केट यार्डात ते सगळ्यांना सांगतात की कोल्हापूरचं एवढं मोठं मशीन माझ्या रक्तावर चालतं. परवा त्यांनी सुरेखाताईंना विचारलं, “कसं हाय माझं?”

“चांगलं हाय अण्णा. जरा गूळ कमी खावा.”

“त्ये तेवढं जमायचं न्हाई,” अण्णा म्हणाले आणि डॉक्टरांच्या खोलीत न डोकावता गाडीत जाऊन बसले.